पाणमोटीतले पाणी

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. इंदूरच्या अन्नपूर्णा भागातील ज्या शाळेत मी गणित शिकवते, तेथील शिक्षिकांच्या खोलीत मधल्या सुट्टीत आमची एक तरुण सहकारी हातात कागद घेऊन बसली होती. तिला आठवा महिना लागला होता. कागद सोनोग्राफीचा होता. त्यावर आकडे पुष्कळ होते. पण तिची नजर एकाच आकड्यावर खिळली होती. “पाणी सहाच उरलंय, ताई,” ती म्हणाली. “सासूबाई म्हणतात, रोज दोन शहाळी घे. नणंद म्हणते, तिच्या जावेचं सात होतं तर लगेच ऑपरेशन करावं लागलं. आणि हे म्हणतात, सहा म्हणजे शंभरात सहा की दहात सहा, ते तरी विचारून ये.”

तिच्या यजमानांच्या प्रश्नाला आम्ही हसलो खऱ्या. परंतु त्या खोलीत बसलेल्या पदवीधर बायकांपैकी एकीलाही त्याचे उत्तर देता आले नाही. मीही त्यांतलीच. पुढे ओळखीच्या एका डॉक्टरीणबाईंना गाठून आणि चार पुस्तके चाळून जे समजले, ते आज आपल्यापुढे ठेवीत आहे. मी डॉक्टर नाही. औषधोपचार सांगणे हा माझा अधिकार नव्हे. पण कागदावरचा आकडा कशाचा आहे, कोणत्या मापाचा आहे आणि त्यावरून किती घाबरावे, हे समजावून सांगणे मास्तरकीच्या कक्षेत बसते असे मला वाटते.

ज्या पाण्याविषयी आपण बोलत आहोत त्याला पुस्तकी भाषेत गर्भजल म्हणतात. माझी आजी वसईकडे सुईणपण करीत असे. तिच्या तोंडी गर्भजल वगैरे शब्द नव्हता; ती ‘पाणमोट’ म्हणायची. विहिरीवरची मोट चामड्याची, ही पातळ पडद्याची, एवढाच काय तो फरक. गर्भाला वेढणारा हा पडदा आपल्या पूर्वजांना चांगला माहीत होता. संस्कृतात त्याला ‘उल्ब’ असे नाव आहे, आणि उल्बाने वेढलेल्या गर्भाची उपमा गीतेच्या तिसऱ्या अध्यायात आली आहे, हे आपल्यापैकी अनेकांना स्मरत असेल. मोट ठाऊक होती, ती फुटली की कळा जोर धरतात हेही ठाऊक होते. मात्र मोटेत पाणी येते कोठून, याचा उलगडा होण्यास फार काळ जावा लागला. आजीची समजूत अशी, की आई जे पाणी पिते तेच झिरपून पोटातल्या पिशवीत साठते. आई भरपूर प्याली की पिशवी भरली. आमच्या सहकारी बाईंच्या सासूबाईंची शहाळ्यांची सूचना याच समजुतीतून आलेली होती.

आता मी आपल्याला शाळेतले एक गणित आठवावयास सांगते. एका हौदाला दोन नळ आहेत. एकाने पाणी येते, दुसऱ्याने जाते. दोन्ही एकदम सोडले तर हौदात पाणी किती राहील? हे गणित सोडविताना मुले नेहमी एक चूक करतात. हौदातली पातळी स्थिर दिसली की पाणीही स्थिर आहे, असे ती धरून चालतात. वस्तुतः आत येणारे आणि बाहेर जाणारे पाणी सारखे असले म्हणजे पातळी हलत नाही; पाणी मात्र सारखे बदलत असते. पाणमोट हा असाच एक हौद आहे. आणि गंमत अशी, की त्याचे दोन्ही मुख्य नळ आईच्या हाती नसून बाळाच्या हाती आहेत.

गर्भ राहिल्यानंतर पहिले काही आठवडे हे पाणी मुख्यतः आईच्या रक्तातून पडद्यावाटे झिरपून येते. बाळाची कातडीही त्या वेळी इतकी कोवळी असते की तिच्यातून पाणी आरपार जा-ये करते. दहाव्या आठवड्याच्या सुमारास सारे मिळून जेमतेम दोन मोठे चमचे, म्हणजे ३० मिलिलिटरच्या आसपास, पाणी असते. सोळाव्याला ते चहाच्या मोठ्या पेल्याएवढे, सुमारे २०० मिलिलिटर, होते. पण याच अवधीत एक मोठा बदल घडून येतो. तिसरा महिना भरता भरता बाळाची मूत्रपिंडे काम करू लागतात. पुढे कातडी घट्ट होते, तिच्यातून होणारी जा-ये थांबते, आणि गरोदरपणाच्या उत्तरार्धात पाणमोटीत जे पाणी असते ते बहुतांशी बाळाच्या लघवीचे असते.

दहावीच्या वर्गात हे सांगितले तेव्हा मुलींनी “ई!” करून नाक मुरडले. तेव्हा येथे थोडे थांबणे अवश्य आहे. आपल्या लघवीतून शरीरातला मळ बाहेर पडतो. बाळाचा मळ त्या वाटेने जात नाही. तो नाळेतून वारेकडे आणि वारेतून आईच्या रक्तात जातो, आणि तो बाहेर टाकण्याचे काम आईची मूत्रपिंडे करतात. बाळाची लघवी म्हणजे बव्हंशी स्वच्छ पाणीच. दिवस भरत आले म्हणजे बाळ दिवसाकाठी पाऊण ते एक लिटर पाणी अशा रीतीने मोटेत सोडते. त्याच्या फुप्फुसांतूनही थोडा द्रव पाझरतो. हा झाला आत येणारा नळ. दुसरा नळ म्हणजे बाळाचे गिळणे. पोटातले मूल दिवसाला अर्ध्या लिटरहून अधिक पाणी घोट घोट गिळते. गिळूनही जे उरते त्यातले बरेचसे पडद्याच्या आतून वारेवरच्या बारीक रक्तवाहिन्यांमध्ये परत शोषले जाते. जमाखर्चाचा हिशेब असा, की सगळ्या मोटेतले पाणी जवळजवळ दिवसाला एकदा नवे होते. साठवलेले पाणी नव्हे हे, वाहते आहे.

या एका गोष्टीवरून पुढचे सारे उलगडते. पाणी कमी झाले, तर तीनच शक्यता उरतात: आत येणारा नळ मंदावला आहे, हौदाला चीर गेली आहे, किंवा मोजण्यात फरक पडला आहे. पाणी वाढले तर येणारा नळ जोरात आहे, किंवा जाणारा तुंबला आहे. डॉक्टर पाण्याचा आकडा पाहतात तो पाण्याकरिता नव्हे. बाळ पिते आहे का, लघवी करते आहे का, वारेतून त्याला पुरेसे रक्त पोचते आहे का, याची साक्ष ते पाण्याकडून काढून घेतात. तोंड न उघडणाऱ्या रोग्याची तब्येत त्याच्या घागरीवरून ओळखावी, तसाच हा प्रकार आहे.

हे पाणी नसेलच तर काय होते? याचे उत्तर शिकागोच्या एका स्त्री-शास्त्रज्ञाने १९४६ साली लिहून ठेवले. एडिथ पॉटर त्यांचे नाव. जन्मतःच दगावलेल्या अर्भकांची तपासणी करताना त्यांना काही बालके एकाच तोंडवळ्याची आढळली: नाक दबलेले, कान खाली, हनुवटी मागे गेलेली, हातपाय वाकलेले. त्या सर्वांना दोन्ही मूत्रपिंडे नव्हतीच. मूत्रपिंडे नाहीत म्हणून लघवी नाही. लघवी नाही म्हणून मोटेत पाणी नाही. आणि पाणी नाही म्हणून गर्भाशयाची भिंत थेट बाळाच्या अंगावर दाबत राहिलेली. परंतु ती बालके गेली ती चेहरा दबल्यामुळे नव्हे. त्यांची फुप्फुसे वाढलीच नव्हती. फुप्फुसे फुगून वाढायला त्यांत पाणी भरलेले राहावे लागते, आणि भोवतालीच पाणी नसेल तर ती आक्रसून राहतात. म्हणजे हवेत श्वास घ्यावयाची तयारी पाण्यात होत असते. ज्या पाण्याला आपण केवळ धक्का न लागण्यासाठी घातलेली उशी समजतो, ते पाणी हात हलवायला जागा देते, नाळ चेपू देत नाही, ऊब राखते आणि फुप्फुसेही घडविते. अशी अगदी पाणीच नसलेली मुले फार विरळा जन्मतात, हे मात्र लागलीच सांगितले पाहिजे; कोणी भगिनी हे ऐकून आज रात्री जागी राहू नये.

आता त्या कागदावरच्या आकड्याकडे येऊ. माझ्या आजीच्या काळी पाणी मोजण्याचे साधन म्हणजे हात. पोट चाचपून, महिन्याच्या मानाने ते लहान की मोठे हे पाहून, एका बाजूला टिचकी मारली असता दुसऱ्या बाजूला लाट पोचते का हे अजमावून, अनुभवी सुईण अंदाज बांधी. तो पुष्कळदा बरोबरही येई. स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे इयन डोनाल्ड या डॉक्टरांनी, कारखान्यात धातूतल्या भेगा शोधण्यासाठी ध्वनिलहरींचे जे यंत्र वापरीत ते बाईच्या पोटावर लावून पाहिले, आणि १९५८ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. तेथून सोनोग्राफीचे युग सुरू झाले. आपल्याला ऐकू न येणारा आवाज पोटात सोडायचा आणि त्याचा प्रतिध्वनी टिपायचा, एवढेच तिचे तत्त्व. हाडावरून प्रतिध्वनी जोराचा येतो, म्हणून हाड पांढरे दिसते. पाण्यातून येतच नाही, म्हणून पाणी काळे दिसते. पडद्यावरचा काळा डोह पाहून पुष्कळ बायका घाबरतात. त्या काळ्या रंगात भिण्यासारखे काही नाही, तो प्रतिध्वनीचा अभाव आहे.

पण यंत्रालाही पाणी मापट्याने मोजता येत नाही. विहिरीत दोर सोडून पाण्याची खोली पाहावी तसे ते खोली मोजते. नाभी मध्यभागी धरून पोटाचे चार भाग करायचे, प्रत्येक भागात जेथे नाळ किंवा हातपाय मध्ये येत नाहीत असा सर्वांत खोल डोह शोधायचा, त्याची उभी खोली सेंटिमीटरमध्ये घ्यायची आणि चारही आकड्यांची बेरीज करायची. ही बेरीज म्हणजेच अहवालात ‘ए.एफ.आय.’ म्हणून लिहिलेला आकडा. फेलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली ही पद्धत रूढ केली. साधारणपणे ही बेरीज ५ ते २४ सेंटिमीटर असली म्हणजे पाणी ठीक समजतात. दुसरी, त्याहून थोडी जुनी पद्धत अशी, की चार डोहांची बेरीज न करता एकच सर्वांत खोल डोह पाहायचा. तो २ ते ८ सेंटिमीटर असावा. तेव्हा आमच्या सहकारी बाईंच्या यजमानांना उत्तर असे: सहा म्हणजे शंभरात सहा नव्हे आणि दहात सहाही नव्हे. चार ठिकाणच्या खोलीची बेरीज सहा सेंटिमीटर आहे, आणि ती मर्यादेच्या आत, पण खालच्या काठाजवळ आहे.

या मोजणीत एक खोच आहे, ती अहवालावर छापलेली नसते. बाळ काही पुतळा नव्हे. त्याने कूस बदलली की डोह बदलतात. यंत्राचा हात पोटावर थोडा जास्त दाबला गेला तरी आकडा उतरतो. त्यामुळे सोमवारी सात आणि गुरुवारी नऊ आले, तर पाणी दोनाने वाढले असे म्हणता येत नाही. आणि एका ठिकाणी आठ व दुसऱ्या ठिकाणी सहा आले तर कोणी फसविले असेही म्हणता येत नाही. शिवाय प्रकृतीप्रकृतीत फरक असतो तो निराळाच. ब्रेस आणि वुल्फ या दोघा संशोधकांनी १९८९ साली पूर्वी प्रत्यक्ष मोजलेल्या पाण्याचे आकडे एकत्र करून पाहिले, तेव्हा बाविसाव्या ते एकोणचाळिसाव्या आठवड्यापर्यंत सरासरी पावणेआठशे मिलिलिटरच्या आसपास निघाली. पण निरोगी गरोदरपणातही कोठे तीनशे तर कोठे दोन हजारांच्या घरात पाणी होते. दोन्ही पद्धतींची तुलना करणाऱ्या पाहण्यांत आणखी एक गोष्ट दिसून आली. बेरजेच्या पद्धतीने ‘पाणी कमी’ असा शिक्का अधिक बायकांवर बसतो, अधिक जणींना कळा आणवल्या जातात, आणि बाळांच्या प्रकृतीत मात्र त्यामुळे सुधारणा दिसत नाही. म्हणूनच हल्ली अनेक डॉक्टर एकाच खोल डोहावर भर देतात. केवळ सहा किंवा सात या आकड्यावरून घरच्यांनी ऑपरेशनचा हट्ट धरणे किंवा धसका घेणे, दोन्ही बरे नाही.

गर्भजल हा शब्द उच्चारताच वयस्क श्रोत्यांना दुसरीच एक गोष्ट आठवली असेल. १९८० नंतरच्या दशकात महाराष्ट्रातल्या वर्तमानपत्रांतून ‘गर्भजलपरीक्षा’ हा शब्द फार गाजला. पोटात सुई घालून थोडे गर्भजल काढतात. त्यात बाळाच्या कातडीच्या पेशी तरंगत असतात, आणि त्यांवरून काही आनुवंशिक रोग ओळखता येतात. या चांगल्या विद्येचा उपयोग मुलगा की मुलगी हे पाहण्याकडे आणि मुलगी असल्यास गर्भ पाडण्याकडे झाला. त्याविरुद्ध मुंबईत स्त्रियांच्या संघटनांनी आणि काही डॉक्टरांनी चळवळ केली, आणि १९८८ साली महाराष्ट्राने देशात पहिल्यांदा याला आळा घालणारा कायदा केला. १९९४ साली संसदेने सर्व देशासाठी कायदा केला. गर्भलिंग सांगणे आणि विचारणे, दोन्ही त्याखाली गुन्हा आहे. हे येथे सांगण्याचे कारण असे की, ‘पाण्याची तपासणी’ म्हटले की आजही काही घरांतल्या वडीलधाऱ्या बायका दचकतात. त्या ‘परीक्षे’चा आणि पाण्याच्या मापाचा काही संबंध नाही. पाण्याची खोली पाहताना सुई नसते, पाणी काढले जात नाही. एका शब्दाला लागलेला डाग दुसऱ्या निर्दोष तपासणीला लागू नये, एवढीच माझी विनंती.

पाणी खरोखर कमी असेल तेव्हा डॉक्टर काय शोधतात? पहिली गोष्ट, मोटेला चीर गेली आहे काय. दुसरी, वार नीट काम करते आहे काय. आईचा रक्तदाब वाढलेला असला की वारेतून बाळाला रक्त कमी पोचते. अशा वेळी बाळ मोठ्या शहाणपणाने वागते: असलेले रक्त मेंदू आणि हृदयाकडे वळविते आणि मूत्रपिंडांचा वाटा कापते. लघवी कमी होते, पाणी उतरते. येथे पाणी कमी होणे हा रोग नसून सूचना आहे, आणि म्हणूनच डॉक्टर त्या वेळी पाण्यापेक्षा बाळाचे वजन, हृदयाचे ठोके आणि नाळेतला रक्तप्रवाह यांकडे अधिक लक्ष देतात. दिवस उलटून गेले म्हणजेही पाणी ओसरू लागते. म्हणून ‘होईल तेव्हा होईल’ म्हणून तारखेनंतर घरी बसून राहू नये.

आणखी एक कारण असे आहे की ते आपल्या घरातल्या औषधांच्या डब्यात असते. अंगदुखीवर सर्रास घेतल्या जाणाऱ्या आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या गोळ्यांनी बाळाच्या मूत्रपिंडांचे काम मंदावते. विसाव्या आठवड्यानंतर त्या टाळाव्यात, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ऑक्टोबर २०२० मध्ये दिला. रक्तदाबावरच्या काही गोळ्यांचाही असाच परिणाम होतो. गरोदर बाईला कंबरदुखी होणारच. पण औषधांच्या दुकानात जाऊन ‘एक पेनकिलर द्या’ म्हणण्यापूर्वी पोटात मूल आहे हे तोंडाने सांगावे. डॉक्टरांनी स्वतः लिहून दिलेली ॲस्पिरिनची छोटी गोळी ही गोष्ट वेगळी. ती आपल्या मनाने बंद करू नये.

आता शहाळ्यांविषयी. सासूबाई अगदीच चुकल्या, असे मला म्हणवत नाही. आईच्या अंगातले पाणी आटले की तिचे रक्त दाट होते आणि बाळाकडे जाणारे पाणी घटते. उलट, पाणी कमी असलेल्या बायकांनी दोन तासांत दोन लिटर पाणी प्यायल्यावर डोहांची बेरीज वाढल्याचे प्रयोगांत आढळले आहे. २००२ साली या प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला गेला, त्यातही साध्या पाण्याचा हा गुण दिसून आला. नेहमीची सलाईन शिरेतून चढवून मात्र तसा फरक पडला नव्हता. म्हणजे “बाईंना एक बाटली चढवा” असा आग्रह धरणाऱ्या नातेवाइकांनी आधी तांब्या पुढे करावा. शहाळ्यात पाणी आहे म्हणून ते चांगले. त्यात याहून निराळी जादू नाही. ताकाने आणि साध्या पाण्याने तेच काम होते, आणि खर्चही वाचतो. पण मोटेला चीर गेली असेल, किंवा वार थकली असेल, तर हंडाभर पाणी पिऊनही तो दोष भरून निघत नाही. ‘आता ती भरपूर पाणी पिते आहे’ म्हणून पुढची तपासणी चुकविणे यात खरा धोका आहे.

येथे मला थोडे मनातले बोलू द्या. इंदूरचा मे महिना आपण जाणतो. पारा चाळिशी ओलांडतो. अशा दिवसांत गरोदर बाईने पाणी प्यावे हे सांगायला कोणी लागत नाही. तरीही नोकरी करणाऱ्या किती तरी बायका दिवसभर घशाला कोरड पाडून घेतात, आणि त्याचे कारण अज्ञान नसते. एका शाळेत मी पूर्वी नोकरीला होते. तेथे शिक्षिकांना एकच स्वच्छतागृह होते, तेही मुलांच्या वर्गांमागे, आणि त्याची कडी तुटलेली. आम्ही सगळ्याजणी सकाळी घरून निघताना पाणी प्यायचो नाही. बांधकामावर काम करणाऱ्या आणि बाजारात पाटी घेऊन बसणाऱ्या बहिणींची अवस्था याहून बिकट आहे. ज्या संस्थेला गरोदर कर्मचारी बाईचे हित साधायचे आहे, तिने शहाळे देण्याऐवजी कडी बसवून द्यावी.

पाणी वाढण्याविषयी थोडक्यात सांगते. बेरीज २४-२५च्या वर किंवा एक डोह ८ सेंटिमीटरच्या वर गेला की पाणी जास्त झाले असे समजतात. पोट मोठे दिसले की घरात आनंद होतो, बाळ गुटगुटीत आहे, कदाचित जुळे असेल. कित्येकदा खरेच काही कारण सापडत नाही आणि सर्व सुखरूप पार पडते. पण आईला मधुमेह असला की साखर बाळाकडे जाते आणि बाळाची लघवी वाढते. ग्लुकोजचे ७५ ग्रॅम पाणी पिऊन दोन तासांनी रक्त तपासतात. साखर १४० किंवा त्याहून अधिक निघाली तर गरोदरपणातला मधुमेह धरतात. सरकारी दवाखान्यातही ही तपासणी होते. ती टाळू नये. क्वचित दुसरा नळ तुंबलेला असतो: बाळाची अन्ननलिका जोडली गेलेली नसते, ते गिळू शकत नाही, आणि पाणी साचत जाते. हे आधी कळले तर जन्मानंतर लगेच शस्त्रक्रिया करणाऱ्यांच्या जवळ बाळंतपण करता येते. पाणी फार असले तर मोट अवेळी फुटण्याचा, आणि फुटताना लोंढ्याबरोबर नाळ आधी बाहेर येण्याचा धोका असतो. म्हणून अशा बाईने शेवटच्या दिवसांत लांबच्या गावी लग्नाला जाऊ नये, मग लग्न सख्ख्या भावाचे का असेना.

आमच्या त्या सहकारी बाईंचे सांगायचे राहिले. त्यांचा रक्तदाब ठीक होता, बाळाची वाढ ठीक होती, नाळेतला प्रवाह ठीक होता. डॉक्टरीणबाईंनी आठवड्याने पुन्हा बोलाविले. तेव्हा आकडा साडेआठ आला. सासूबाई त्याचे श्रेय शहाळ्यांना देतात, डॉक्टरीणबाई हसून बाळाच्या कुशीकडे बोट दाखवितात. ३९व्या आठवड्यात मुलगी झाली.

दुसरी एक आठवण आहे, ती मी आजवर जाहीरपणे सांगितली नव्हती. माझ्या एका चुलत बहिणीला सातव्या महिन्यात कपडे ओले होऊ लागले. तिला वाटले, बाळाच्या भाराने लघवी निसटते आहे. पहिलटकरीण, नव्या घरात आलेली, घरात दीर आणि सासरे, कोणाला सांगायचे? तिने दोन दिवस लुगड्याचे तुकडे बदलून काढले. तिसऱ्या दिवशी थंडी वाजून ताप भरला तेव्हा घरच्यांना कळले. मोटेला चीर गेली होती आणि त्या वाटेने जंतू आत शिरले होते. तिचा जीव वाचला. बाळ वाचले नाही. तिच्या सासूने मला नंतर विचारले, “तिने मला का सांगितलं नाही?” त्या प्रश्नावर माझ्यापाशी उत्तर नव्हते, त्या माउलीने सुनेला कधी वाईट शब्द बोललेला नव्हता.

म्हणून जे माझ्या बहिणीला कोणी सांगितले नाही ते सांगते. लघवी पिवळसर असते, तिला वास असतो, आणि ती थोडी तरी आवरता येते. मोटेतले पाणी फिके, जवळजवळ बिनरंगी असते. ते आवरता येत नाही, आणि उठताना, खोकताना पुन्हा झिरपते. शंका आली तर कोरडा पांढरा स्वच्छ कपडा किंवा पॅड घ्यावे, अर्धा तास चालावे-बसावे आणि पाहावे. ओले झाले तर, थोडे का असेना, दिवस का रात्र का असेना, दवाखाना गाठावा. कळा सुरू होण्याची वाट पाहू नये. पाणी केव्हा सुरू झाले ती वेळ कागदावर लिहून न्यावी, कारण डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात. तो कपडाही बरोबर न्यावा. त्यात लाजण्यासारखे काही नाही. पाणी हिरवट असेल तर बाळाने आतच शी केली आहे असे समजावे; लाल असेल, दुर्गंधी असेल, ताप असेल किंवा बाळाची हालचाल मंदावली असेल, तर घरच्या गाडीची वाट न पाहता १०८ क्रमांकावर फोन करून गाडी मागवावी. आणि पाण्याबरोबर नाळेचा वेढा हाताला लागला तर बाईने गुडघे व कोपरांवर ओणवे राहून कंबर वर ठेवावी, नाळेला हात लावू नये, आणि गाडी येईपर्यंत तशीच राहावे.